शाळेतल्या बाईंकडेच शिकवणी लावायची का?

"माझी मुलगी आठवीत आहे, यंदापासून सेमी इंग्रजी. पहिल्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 4 मिळाले आणि तो पेपर मला तिच्या दप्तराच्या तळाशी सापडला. शाळेतल्या गणिताच्या बाई घरी शिकवण्या घेतात. 'पाठवा की माझ्याकडे' असं दोनदा म्हणाल्या. नाही पाठवलं तर वर्गात राग काढतील का? मिस्टर म्हणतात चौकातला मोठा क्लास लावू. मागच्या गल्लीत एक निवृत्त सर चार-पाच मुलांना शिकवतात. सासूबाई म्हणतात, आमच्या पोरांना कुठे होत्या शिकवण्या? मुलीला विचारलं तर नुसती रडते." – एक आई, सांगली

ताई,

सासूबाईंना हसून सोडून द्या. आमच्या वेळीही शिकवण्या होत्या, फक्त त्या लपवायच्या असत. शिकवणी म्हणजे 'ढ' असा शिक्का. भूमितीसाठी मी स्वतः जायची, ऊन नसतानाही छत्री उघडून, कुणी ओळखू नये म्हणून! तुमच्या लेकीने पेपर दडवला तो याच लाजेपोटी. त्यावरून तिला बोलू नका.

आता बाई. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 28: शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक असतं, तरी गावोगाव चालतं. तुम्ही कायदा तोंडावर मारायला जाऊ नका, पण मनातली भीती काढून टाका. अवघडायचं असेल तर त्यांनी. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये असंही आहे की मुलाची कुवत पाहून गरज असेल तर जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे, आणि ते शाळेतलं. तेव्हा पेपर घेऊन बाईंना भेटा. "घराजवळ सोय पाहतेय, पण ती नेमकी कुठे अडते ते तुम्हीच सांगू शकाल," एवढंच म्हणा. त्यांचा मान राहतो, तुम्हाला माहिती मिळते. त्यानंतरही वर्गात टोमणे सुरू झाले, तर मुख्याध्यापकांकडे जाताना मागेपुढे पाहू नका.

पण कुणाकडेही पाठवण्याआधी एक काम घरी करा. पोळ्या लाटताना तिला ओट्याजवळ बसवा आणि तीन छेद चार अधिक दोन छेद पाच करायला सांगा. तिने पाच छेद नऊ लिहिलं, तर गाडी आठवीत अडलेलीच नाही, ती पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांत अडली आहे. त्यावर आठवीचा 'पोर्शन' पळवणारा कोणताही क्लास उपयोगाचा नाही. आणि उत्तर बरोबर आलं, तर दुसरा संशय भाषेवर घ्या. कालपर्यंत जे 'अवयव' होते ते यंदा 'फॅक्टर्स' झाले, 'चलन' म्हणजे 'व्हेरिएशन'. गणित येतं, प्रश्न कळत नाही, असं सेमीच्या पहिल्या वर्षी फार होतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवीचं मराठी माध्यमाचं गणिताचं पुस्तक फुकट मिळतं. ते उतरवून घ्या आणि इंग्रजी पुस्तकाशेजारी तोच धडा उघडून ठेवा. कदाचित निम्मं दुखणं तिथेच थांबेल.

मोठ्या क्लासबद्दल मिस्टरांना एकच विचारा: फ्लेक्सवर दहावीच्या टॉपरांचे फोटो आहेत, त्यातल्या किती जणांना आठवीत 20 पैकी 4 होते? शाळेच्या वर्गात जी हात वर करत नाही, ती पन्नास पोरांच्या क्लासमध्ये करेल का? शिवाय तिथे वर्षाची फी बहुधा आधीच भरून घेतात.

मला मागच्या गल्लीतले सर बरे वाटतात, पण डोळे झाकून नको. त्यांच्याकडे जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या आईला गाठा. आठवडाभर बसवून बघू का, असं सरांना सरळ विचारा. तुम्हीही एक दिवस तिथे थांबा आणि चुकलेल्या गणिताचं ते काय करतात ते पाहा. समजा मुलीने (a + b)² म्हणजे a² + b² लिहिलं. एक सर फुली मारून सूत्र दहा वेळा लिहायला लावतील. दुसरे म्हणतील, "बरं, a ला 3 घे, b ला 4 घे, बघ काय येतं." एकीकडे 49, दुसरीकडे 25. मुलगी स्वतःच म्हणते, "अय्या, चुकलं!" असे दुसरे सर मिळाले तर सोडू नका, मग त्यांना व्हॉट्सॲप येवो न येवो. ते नाहीच जमले तर ओळखीत बीएड करणारी एखादी मुलगी शोधा. कधीकधी ताईसमोर चुकायला मुलांना कमी लाज वाटते.

शिकवणी कुणाचीही असो, बसायचं बाहेरच्या खोलीत, दार उघडं, घरात मोठं माणूस. हे कुणावर संशय म्हणून नाही, रिवाज म्हणून, आणि पहिल्याच दिवशी सांगायचं. फी महिन्याची महिन्याला. सुट्ट्या पडल्या तर काय, तेही तेव्हाच बोलून घ्या, नंतर तोंड उघडवत नाही.

आठवड्यानंतर "सर कसे आहेत?" असं लेकीला विचारू नका, ती "चांगले आहेत" म्हणून मोकळी होईल. "आज काय चुकलं होतं?" असं विचारा. तिने न रडता सांगितलं, तर महिन्याची फी भरा. आणि दुसऱ्या चाचणीचा पेपर दप्तरात कुठे सापडला, ते मला नक्की कळवा.