पावसाळ्यात जलरंगाच्या चित्रावर फुलकोबीसारखे डाग पडतात. बिघडलेली चित्रं फाडून टाकू का? (कलाशाखा, पहिलं वर्ष, पणजी)

फाडू नका, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने कागद, रंग आणि डाग पडला तेव्हा कागद किती ओला होता ते लिहून ठेवा. गोव्यातच विद्यार्थ्यांना जलरंग शिकवते, त्यामुळे जुलैतले हे डाग ओळखीचे आहेत. वॉश (पातळ रंगाचा पसरट थर) अर्धवट सुकलेला असताना जास्त पाण्याचा कुंचला लागला की ते पाणी रंगाचे कण ढकलत कडेला नेतं आणि दातेरी किनार उमटते. मार्चमध्ये ही अर्धवट अवस्था पटकन सरते. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की ती अवस्था लांबते आणि आपला धीर सुटतो. म्हणून रंगाचा दुसरा हात एक तर कागदावर पाण्याची चकाकी असतानाच द्या, नाहीतर पूर्ण सुकल्यावर. हाताची मागची बाजू कागदाला टेकवून बघा, गार लागला तर आत अजून ओल आहे. चकाकी गेली पण कागद गार, तेव्हा कुंचला खाली ठेवायचा. घाई असेल तर हेअर ड्रायर चालतो.

पडलेला डागही शिकवतो: ओल्या कुंचल्याने हलकेच उचलून बघा. अल्ट्रामरीन बराचसा निघतो, थॅलो ब्लू कागदाला धरून बसतो. हे एकदा हाताला कळलं की रंग निवडताना उपयोगी पडतं.

मात्र कोरड्या कागदावरही रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके उठत असतील, तर चूक तुमची नाही. दमटपणाने कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ, गेलंय. तो कागद सरावाला ठेवा आणि नवीन कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद प्लास्टिक पिशवीत ठेवा.