टाकीतला गंज, यज्दीचा धूर

प्रश्न : वडिलांची १९८७ची यज्दी रोडकिंग मोटरसायकल दहावीतल्या लेकीसोबत दुरुस्त करतोय. कार्बुरेटर साफ केला, तरी गाडी पांढरा धूर सोडत दहा मिनिटांत बंद पडते. टाकी आतून गंजली आहे. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला नि गाडी पुन्हा सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर गंजाचा चुरा कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतोय. मग आधी टाकी, कार्बुरेटर त्यानंतर.

टाकी उतरवा, पेट्रोल पूर्ण काढा, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) काढून भोकाला रबरी बूच मारा. गळ्यापर्यंत पांढरं व्हिनेगर भरून चोवीस तास ठेवा. ते ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि टाकी वाळताक्षणी आत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) फिरवा. मुंबईच्या दमट हवेत उघडं लोखंड रात्रीतून पुन्हा तांबूस होतं; हे काम पावसाळ्यात काढूच नका. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिमी; फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लेकीच्या हातात द्या, तिला जमेल.

पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, ऑइल सील कडक झालंय. तिथे मात्र जुना जावा-यज्दीवाला मिस्त्रीच गाठा. आरसीचं नूतनीकरण राहिलं असेल, तर रंगावर खर्च करण्याआधी आरटीओत चौकशी करा.