मुलीला घेऊन जर्मनीत येतेस, तर

अगं, दीड वर्षाच्या मुलीला घेऊन जर्मनीत आलं तर नोकरी जमेल का, असं विचारलंयस. वर ‘तिकडचे कायदे बायकांच्या बाजूचे आहेत ना?’ व्हिसाचं सगळं सरकारी वेबसाइटवर आहे. मी दुसरंच सांगते.

कायदे आहेत. वर्षाच्या मुलाला पाळणाघरात (इथे किटा म्हणतात) जागा मिळणं हा 2013 पासून हक्क आहे. आपल्याकडेही 2017 साली, इंदूरच्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष असताना, बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजा झाली आणि 50 माणसांच्या ऑफिसला पाळणाघर सक्तीचं झालं. माझ्या तिथल्या ऑफिसातल्या पाळणाघराला कुलूप असायचं. आत जुन्या फायली आणि एक प्लास्टिकचा घोडा. पण इंदूरला रामबागेत आई होती, म्हणून ते कुलूप कधी बोचलं नाही.

इथे किटाची जागा अकरा महिने आली नाही. पत्रं मात्र यायची: आपलं नाव यादीत आहे. एकदा अर्जच परत आला, लसीच्या कार्डाची प्रत पुसट म्हणून. नगरपालिकेच्या चुकीने जागा मिळाली नाही, तर बुडालेला पगार तिच्याकडे मागता येतो, असा इथल्या वरच्या कोर्टाचा 2016 चा निकाल आहे. शेजारणीने मागितला. मी नाही. व्हिसा रिन्यू व्हायचा होता, वाटलं कशाला वाकड्यात शिरा. दोन्हीचा काही संबंध नव्हता, हे नंतर कळलं.

टॅक्समध्ये नवरा 3 नंबरच्या वर्गात (पगारातून कर कमी कापतात), तू 5 च्या (जास्त कापतात), असं सगळे सुचवतील. महिन्याला घरात पैसे जास्त येतात खरे, पण तुझी पगाराची स्लिप बघून रडू येईल. 1977 पर्यंत इथे बायकोने घर सांभाळूनच नोकरी करावी असा कायदाच होता. त्याचा वास या वर्गांना अजून येतो. पुढे दुसरं मूल झालं, तर पालकभत्ताही (बाळासाठी घरी राहिल्यावर सरकार देतं तो) हातात पडणाऱ्या पगारावरच मोजतात. दोघं 4 घ्या, त्यात दोघांना सारखाच नियम. भांडण झालं तरी चालेल.

एकटेपणा? हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, व्हिटॅमिन डी घे.

त्या अकरांपैकी तीन महिने मी मुलीला आईकडे ठेवलं होतं. इथे कुणाला सांगत नाही. परत आली तेव्हा रात्री माझा हात बाजूला सारून आजीला हाका मारायची. नोकरी टिकली, बढतीही मिळाली.

लसीच्या कार्डाची प्रत रंगीत काढ, इंदूरलाच. दोन काढ.