वाचकांचे प्रश्न : घरचा कॉम्प्युटर आणि हेडफोनचा आवाज

या खेपेला सीमाभागातून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलं आहे : हेडफोन चांगला वाजावा म्हणून काय विकत घ्यावं? आमचं म्हणणं, आधी दोष कुठे आहे तो शोधा. प्रत्येक दोषाचा आवाज वेगळा असतो आणि त्यावरूनच त्याची जागा कळते. खरेदीची वेळ बऱ्याचदा येतही नाही.

प्रश्न : कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला की बारीक चिरचिर ऐकू येते. माऊस हलवला किंवा गेम चालू केला की वाढते. साऊंडकार्ड घ्यावं का? — हिंदवाडी, बेळगाव

उत्तर : आत्ताच नको. प्लग काढून कॅबिनेटच्या मागे, मदरबोर्डवरच्या पोपटी जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची बारीक केबल मदरबोर्डच्या खालच्या कडेपासून निघते आणि बऱ्याच कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाला जवळजवळ घासून पुढे येते. कार्डावर भार पडला की त्याचा विजेचा गोंगाट या केबलमध्ये शिरतो. मागचा जॅक थेट बोर्डावर असतो, मध्ये केबलच नाही. तिथे चिरचिर थांबली तर दीड मीटरची ३.५ मिमी एक्स्टेन्शन केबल घेऊन प्लग टेबलावर आणा, काम झालं.

मागेही तसंच असेल तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साऊंड, मग तळाशी 'मोअर साऊंड सेटिंग्ज'. 'प्लेबॅक'मध्ये आपला स्पीकर निवडून 'प्रॉपर्टीज' आणि 'लेव्हल्स' उघडा. तिथे माइक किंवा लाइन-इनची पट्टी दिसली तर ती म्यूट करा. रिकाम्या माइकच्या वाटेची खरखर या पट्टीतून सरळ कानात येत असते. एवढं करूनही राहिली तर मात्र युएसबीवर चालणारा बाहेरचा डॅक (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा हेडफोनसाठी आवाजाचा सिग्नल करणारी डबी) घ्या. आत बसवायचं कार्ड पुन्हा त्याच गोंगाटाच्या शेजारी जातं.

प्रश्न : लॅपटॉपला चार्जर लावला की हेडफोनमध्ये 'घूंऽऽ' असा आवाज. करंट गेला, लॅपटॉप बॅटरीवर आला की एकदम स्वच्छ. पावसाळ्यात करंट जातोच, म्हणून फरक लगेच लक्षात आला. — खानापूर

उत्तर : तुम्ही निम्मं निदान करूनच पाठवलं आहे. बॅटरीवर स्वच्छ वाजतो म्हणजे हेडफोन आणि लॅपटॉप दोन्ही ठीक, दोष विजेच्या वाटेने येतो. चार्जर आणि हेडफोन सोडून बाकी सगळं काढा : टीव्हीला जाणारी एचडीएमआय, प्रिंटर, लॅनची वायर. घूं थांबली तर तो अर्थ लूप (अर्थ म्हणजे अर्थिंग, वीज जमिनीत नेणारी जोडणी). दोन उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असतात आणि दोन्हींतल्या किंचित फरकामुळे सिग्नलच्या वायरीतूनच ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. टीव्हीला डिशची केबल असेल तर तीही एक वेगळी अर्थ आणते. लॅपटॉप आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, बऱ्याच घरांत तेवढ्याने भागतं.

काहीच जोडलेलं नसताना घूं येत असेल तर लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून हलकेच बोट फिरवा. झिणझिण लागली तर चार्जरची गळती अर्थपर्यंत पोचत नाही. चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याच व्होल्टेजचा, त्याच कंपनीचा, तीन पिनांचा मिळतो का बघा. तीन पिनांचाच असेल तर वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या, हे काम स्वतः करू नका. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत, असं यायला हवं. फेज-अर्थ फारच कमी दाखवत असेल तर अर्थची वायर तुटली आहे किंवा अर्थचा जमिनीतला खड्डा, म्हणजे पिट, कोरडा पडला आहे. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत पाणी ठरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पिटमध्ये पाणी घालावंच लागतं.

आवाज जावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही ऐकू नका. घूं जाईल, पण चार्जरमध्ये बिघाड झाला तर वीज जायला तुमच्या शरीराशिवाय वाट उरणार नाही.

इन्व्हर्टरवर असताना 'घर्रर्र' असा खरबरीत आवाज येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. त्याच्या चौकोनी लहरींत ५० हर्ट्झच्या पटीतले वरचे सूरही असतात. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास नसतो.

प्रश्न : नाट्यगीत लावलं की ऑर्गन, तबला ऐकू येतो, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, जवळजवळ नाहीच. जुनी शास्त्रीय रेकॉर्डिंग तर वाजतच नाहीत. प्लग थोडा फिरवला की क्षणभर सगळं नीट होतं. — निपाणी

उत्तर : हा दोष ओळखायला सोपा आणि दुरुस्तीला स्वस्त, तरी यापायी चांगले हेडफोन भंगारात जातात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. तुमच्या प्लगची ग्राउंड वायर तुटली आहे किंवा टेकत नाही. हेडफोनला डावी, उजवी आणि दोघांची मिळून एक ग्राउंड अशा तीन वाटा असतात. ग्राउंड तुटली की दोन्ही कानांतले स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि त्यांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक मिळतो. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायक मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो. सारख्यातून सारखं वजा झालं की शून्य. बाजूला ठेवलेली वाद्यं तेवढी उरतात. जुनी रेकॉर्डिंग मोनो असतात, दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच, म्हणून ती पूर्णच गप्प. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची सुरुवातीची ७८ आरपीएमची कुठलीही ध्वनिमुद्रिका लावून बघा. आवाज नाहीसा झाला तर निदान पक्कं.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगवरच मोजा. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला टोक (डावी वाट) आणि बुडामध्ये (ग्राउंड) ३२ च्या आसपास, मधली पट्टी (उजवी वाट) आणि बुडामध्येही तेवढेच, टोक आणि मधल्या पट्टीत दुप्पट येतं. तुमच्याकडे पहिली दोन मापं काहीच दाखवणार नाहीत आणि तिसरं मात्र ६४ च्या जवळ येईल.

नवा ३.५ मिमी प्लग कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. जुना प्लग तीन-चार सेंटीमीटर केबलसकट कापा, कारण वायर वाकते तिथेच आतून तुटते. नव्या प्लगचं कव्हर आणि हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी आधी केबलमध्ये ओवून घ्या. हे विसरलं की जोडलेलं सगळं पुन्हा सोडवावं लागतं. आत बहुधा लाल वायर उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांबूस ती ग्राउंड असते. रंगावर भरवसा न ठेवता मीटरने खात्री करा. या बारीक तारांवर इनॅमलचा थर असतो आणि तो जळाल्याशिवाय कथील धरत नाही. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवून टोकाला कथलाचा थेंब घ्या आणि तार त्यात रोझिनसकट (कथील नीट धरायला लावतात ती राळ) तीन-चार सेकंद बुडवा. धूर निघून तार चकाकली की समजा तयार. तारांत मिसळलेला नायलॉनचा दोरा आधीच वेगळा करा, नाहीतर तो वितळून सांधा कच्चा राहतो.

एक अपवाद. प्लग चार पट्ट्यांचा असेल आणि केबलवरचं माइकचं बटण दाबून धरलं की आवाज पूर्ण येत असेल, तर काही तुटलेलं नाही, प्लग आणि जॅकची जुळणी चुकीची आहे. हेडफोन आणि माइक वेगळे करणारी वाय-केबल लावा.

प्रश्न : २५० ओहमचा हेडफोन जुना घेतला. लॅपटॉपवर आवाज शंभरावर ठेवूनही मैफल हळूच वाजते. किती ताकदीचा ऍम्प (ऍम्प्लिफायर) लागेल? — चिकोडी

उत्तर : ओहमसोबत संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीला किती मोठा आवाज निघतो, तीही बघा. ती १ मिलिवॉटला ९६ डेसिबल धरू. २५० ओहममध्ये १ मिलिवॉट जायला अर्धा व्होल्ट लागतो. लॅपटॉपचा जॅक साधारण १ व्होल्ट देतो, म्हणजे ४ मिलिवॉट आणि १०२ डेसिबल. आकडा मोठा वाटतो, पण तो सर्वांत जोरकस क्षणाचा. शास्त्रीय मैफलीची सरासरी त्याहून २० डेसिबल खाली असू शकते आणि आलाप तर आणखी खाली. २५० ओहममध्ये ३ व्होल्ट देणारा ऍम्प घेतलात की जवळजवळ साडेनऊ डेसिबल वाढतात, तेवढे पुरे. खोक्यावर फक्त '३२ ओहमला अमुक मिलिवॉट' छापलेलं असेल तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

ज्यांचा हेडफोन ३२ ओहमचा आहे त्यांनी ऍम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला रोध, बघावा, तो ४ ओहमपेक्षा कमी हवा. काही जुन्या जॅकचा ७५ ओहमपर्यंत असतो. हेडफोनचा रोध खर्जाजवळ १०० ओहमपर्यंत चढत असेल तर अशा जॅकवर तिथला आवाज सुमारे साडेपाच डेसिबलने फुगतो, तबल्याचा बायाँ ढबढबीत होतो. २ ओहमच्या ऍम्पवर हाच फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर गाणं छान, पण ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की जुन्या टेलिफोनसारखा आवाज. — शहापूर, बेळगाव

उत्तर : माइक सुरू झाला की ब्लूटूथ दुसऱ्या पद्धतीवर जातं. त्यात आवाज मोनो होतो आणि गुणवत्ता फोन कॉलइतकीच राहते. मीटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला. लगेच सुधारेल.

प्रश्न : सेटिंगमध्ये १९२००० हर्ट्झ निवडावं का? आणि तानपुरा भरीव ऐकू यावा म्हणून इक्वलायझर कसा लावावा? — येळ्ळूर

उत्तर : हा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, आणि १९२००० ने काही मिळत नाही. सीडी ४४१०० ची, व्हिडिओंचा आवाज बहुधा ४८००० चा. वरच्या आकड्यावर नेताना विंडोज मधले नमुने फक्त हिशेबाने भरतं. २४ बिट, ४८००० ठेवा आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. १२८ केबीपीएसची एमपी३ फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) बदलूनही गेलेलं परत येत नाही.

इक्वलायझरच्या (खर्ज, तार असे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) आधी कानावरची गादी तपासा. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात रेक्झिनला भेगा पडतात, फटीतून हवा जाते आणि खर्ज सर्वांत आधी नाहीसा होतो. चष्म्याच्या काडीनेही तेच होतं. दोन्ही हातांनी गाद्या हलक्या दाबा : तानपुरा एकदम भरला तर गाद्या बदला, इक्वलायझरची गरज नाही.

तरीही हवाच असेल तर 'इक्वलायझर एपीओ' मोफत आहे. बसवताना आपलं उपकरण निवडून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वाढवणार असाल तर 'प्रीअॅम्प' (एकूण आवाजाची पट्टी) उणे ४ वर न्या, नाहीतर जोरकस जागी आवाज फाटतो. प्लेअर एक्सक्लुसिव्ह मोडवर (विंडोजच्या आवाजाच्या सोयी वगळून थेट उपकरणाला आवाज देणारा) असेल तर हा इक्वलायझर लागू होत नाही, तेव्हा तो मोड बंद ठेवा.