दुपार सोडून नकाशा काढा

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण, कॉलेजपासूनचा ग्रुप, इतक्या वर्षांनी सगळ्यांच्या सुट्ट्या एकदाच्या जुळल्यात तर जुलैच्या मध्यात दक्षिण स्पेनला रोड ट्रिप करायचं ठरलंय. दहा रात्री, मालागाला उतरायचं आणि मालागाहूनच परत. यादी अशी झालीय : मालागा, नेरहा, ग्रॅनडा, अल्मेरियाजवळचं ते काउबॉय पिक्चरवालं वाळवंट, कॉर्डोबा, सेव्हिल, कादिझ, तारिफा, तिथून फेरीने टँजियर एक दिवस, रोंडा, आणि एकाचं म्हणणं लिस्बन पण होईल. सात सीटर एकच गाडी घेऊ म्हणतोय म्हणजे सगळे एकत्र राहू. रोज ग्रुपवर भांडणं होतायत, काय काढू आणि काय ठेवू ते तुम्हीच सांगा.

उत्तर : लिस्बन काढा. आधी ते काढा मग पुढचं वाचा. ज्याने सुचवलं त्याला सांगा ताईंनी काढलं, म्हणजे तुमच्यावर येणार नाही.

तुमची यादी वाचली तर अंतरं तशी फार नाहीत, आणि म्हणूनच फसायला होतं. मालागा ते ग्रॅनडा दीड तास, कॉर्डोबा ते सेव्हिल दीड तास, नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. पण तुम्ही जुलैत जाताय आणि जुलैत त्या भागात दुपार तुमची नसते. सेव्हिल आणि कॉर्डोबा ग्वादालकिविर नदीच्या खोऱ्यात आहेत, समुद्राचा वारा तिथवर पोचत नाही, चाळीसच्या वर पारा जाणं ही तिथे बातमी नसते. कॉर्डोबा प्रांतातल्या ला राम्ब्ला गावात ऑगस्ट २०२१ मध्ये ४७.६ डिग्री नोंदलंय, आणि कॉर्डोबाहून सेव्हिलला जाताना जे एसिखा गाव लागतं त्याला तिथले लोकच अँडालुसियाचा, म्हणजे या दक्षिण स्पेनचा, तवा म्हणतात. दोन ते सात या वेळात गावात माणूस दिसत नाही, दुकानांची शटरं खाली, आणि तुम्ही सहा जण बॅगा ओढत हॉटेल शोधताय असं चित्र डोळ्यासमोर आणा. म्हणजे दिवसात फिरायला सकाळ मिळते आणि मग संध्याकाळ, जी सुदैवाने खूप लांब असते कारण सूर्य साडेनऊनंतर मावळतो. हे एकदा डोक्यात बसलं की यादी आपोआप अर्धी होते, भांडावं लागत नाही.

वाळवंट पण काढा, तबेर्नास छान आहे पण ते पूर्वेला एका टोकाला आणि तुमची बाकी सगळी ट्रिप पश्चिमेला. टँजियरचं मात्र नीट ऐका, कारण तिथे नुसता दिवस जात नाही, ट्रिप जाऊ शकते. तारिफाहून फेरी तासाभरात पलीकडे नेते, समोर आफ्रिका दिसत असते, सामुद्रधुनी तिथे जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे, मोह होतोच. पण मोरोक्को शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, नाही. तुमचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर टँजियरला उतरलात की ती एंट्री संपली, परत स्पेनमध्ये घेणार नाहीत, आणि बॅगा पडल्यायत तारिफाच्या हॉटेलात. शिवाय मोरोक्कोच्या व्हिसाचं वेगळं बघावं लागतं. तारिफाच्या किनाऱ्यावरून हात हलवा, पुरे.

मी असं करीन. पहिली रात्र मालागा, आणि त्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही. लांबच्या फ्लाइटमधून अर्धवट झोपेत उतरून लगेच उजव्या बाजूने गाडी चालवायला बसणं हा वेडेपणा आहे. एअरपोर्टवरून लोकल ट्रेन दहा-बारा मिनिटांत शहरात सोडते, संध्याकाळी अल्काझाबा किल्ल्याच्या खालून चक्कर मारा, झोपा, सकाळी त्याच ट्रेनने परत जाऊन गाडी घ्या. मग ग्रॅनडा दोन रात्री, कॉर्डोबा एक, सेव्हिल दोन, कादिझच्या किनाऱ्याला तीन, शेवटची रोंडा. झाल्या दहा. नेरहा हवंच असेल तर ग्रॅनडाला जाताना वाकडी वाट करून जेवायला थांबा, समुद्रावरचा तो सज्जा, म्हणजे कड्यावरची बघायची जागा, बघून होतो, तिथल्या मोठ्या गुहेचा नाद मात्र त्या दिवशी नको.

या सगळ्यात एकच गोष्ट आजच्या आज करायची, ती म्हणजे ग्रॅनडाच्या अल्हांब्रा किल्ल्याची तिकिटं. हॉटेलं नंतर मिळतील, गाडी नंतर मिळेल, अल्हांब्रा उन्हाळ्यात कित्येक आठवडे आधी संपतो. तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर लागतो, आणि आतल्या नासरी महालांसाठी ठरावीक वेळ छापलेली असते, ती चुकली की बाकीचं सगळं बघा, महाल नाही. आणि महालच तर बघायचे असतात हो! १४९२ पर्यंत तिथे राज्य केलेल्या नासरी सुलतानांनी पाणी कसं खेळवलंय ते बघायला सकाळची पहिली वेळ घ्या, किंवा रात्रीचं तिकीट मिळालं तर फारच उत्तम. मी आधी ही तारीख पक्की करीन आणि बाकी ट्रिप तिच्या पुढे-मागे लावीन, उलटं नाही.

ग्रॅनडाहून कॉर्डोबाला जाताना मोठा हायवे सोडा आणि अल्काला ला रेआलवरून जाणारा एन-४३२ घ्या. सव्वादोन तास लागतात आणि अख्खा रस्ता ऑलिव्हची झाडं, टेकडीवर टेकडी, रांगाच रांगा, पहिली वीस मिनिटं सगळे फोटो काढतात मग गप्प होतात. कॉर्डोबात मेस्कीता सकाळी लवकर गाठा. इ. स. ७८५ च्या सुमारास सुरू झालेली मशीद, आठशेहून जास्त खांब, लाल-पांढऱ्या कमानी, आणि सोळाव्या शतकात मधोमध घुसवलेलं चर्च. मला ते चर्च तिथे खुपतं, माझ्याबरोबर आलेल्या एकीला तेच जास्त आवडलं, आम्ही त्यावर जेवणभर वाद घातला.

सेव्हिलमध्ये गाडी पार्किंगमध्ये घाला आणि दोन दिवस विसरा. कादिझच्या बाजूला तीन रात्री का, तर अटलांटिकचा वारा. पाच दिवस भाजून निघाल्यावर तिथे उतरलात की तुमचं तुम्हालाच कळेल. मुक्काम वेहेर दे ला फ्रोन्तेराला करा, टेकडीवरचं पांढरं गाव आहे, तिथून बोलोनियाचा समुद्रकिनारा जवळ, वाळूची मोठी टेकडी, आणि किनाऱ्याला लागून रोमन लोकांचं बाएलो क्लाउदिया हे माशांच्या खारवणीवर मोठं झालेलं गाव. एकच कटकट म्हणजे लेवान्ते, पूर्वेकडून येणारा वारा. तो सुटला की तारिफाच्या किनाऱ्यावर वाळू अंगाला टोचते, छत्री उडते, काइट सर्फिंगवाले मात्र खूश. त्या दिवशी कादिझ शहर करून टाका.

शेवटच्या दिवशी आर्कोसवरून ग्राझालेमाच्या डोंगरातून रोंडाला या, वळणं आहेत, ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. रोंडाचा पूल १७९३ चा, दरीपासून जवळपास शंभर मीटर उंच. दिवसभर बसमधून आलेल्या टुरिस्टांची गर्दी असते पण संध्याकाळी त्या बस किनाऱ्याला परत जातात, म्हणून तर तिथे रात्र ठेवलीय. वेळ उरला तर खडकाखाली घरं असलेलं सेतेनिल अर्ध्या तासावर आहे, पण गाडी गावाबाहेरच लावा.

आता गाडी. सात सीटरमध्ये सहा माणसं बसतात हो, पण तिसरी सीट उघडली की डिकीत दोन पिशव्या मावतात, सहा सुटकेस कुठे ठेवणार, मांडीवर? नऊ सीटर व्हॅन मिळते पण पांढऱ्या गावांच्या गल्ल्या आणि जमिनीखालची पार्किंगं बघितली की रडू येईल. दोन छोट्या गाड्या घ्या. एकत्र राहण्याचं म्हणाल तर दहा दिवस चोवीस तास एकत्र राहिल्यावर दोन-दोन तासांची फारकत बरीच वाटते. गाड्या ऑटोमॅटिक घ्या, थोड्या महाग पडतात, पण आपल्याला डाव्या हाताने गिअर टाकायची सवय, तिथे गिअर उजवीकडे आणि रस्ताही उजवा, एका वेळी एकच नवीन गोष्ट शिका. आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आणि मूळ लायसनही बरोबर लागतं, नुसतं परमिट चालत नाही. दोन गाड्या म्हणजे दोघांनाच दहा दिवस चालवायला लागेल, तेव्हा तिसऱ्यालाही आत्ताच परमिट काढायला लावा.

रस्ते सुरेख आहेत. हायवेला १२०, साध्या दुपदरी रस्त्याला ९०, गावातल्या एकेरी लेनच्या रस्त्यांना ३०, आणि कॅमेरे असतात. ए ने सुरू होणारे रस्ते फुकट, एपी ला टोल असू शकतो, मालागाच्या पश्चिमेला किनाऱ्याने जाणाऱ्या एपी-७ ला आहे, सेव्हिल-कादिझच्या एपी-४ चा टोल २०२० पासून बंद झाला. मोबाइल हातात धरला तर २०० युरो दंड. १ जानेवारी २०२६ पासून गाडी बंद पडली तर त्रिकोण ठेवायचे नाहीत, टपावर लावायचा लुकलुकणारा दिवा सक्तीचा आहे, गाडी घेताना तो डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे का बघून घ्या. आणि पंपावर जपून! गासोलिना म्हणजे पेट्रोल पण गासोलेओ म्हणजे डिझेल, आमच्यातल्या एकाने नळी उचलली पण होती. शंका आली तर झाकणाजवळचं चिन्ह बघा, गोलात ई५ लिहिलं असेल तर पेट्रोल, चौकोनात बी७ असेल तर डिझेल.

जुन्या शहरांच्या आत गाडी घालू नका, हॉटेल आत असलं तरी. फक्त रहिवाशांना परवानगी असलेल्या गल्ल्या असतात, कॅमेरा नंबर टिपतो, जीपीएस मात्र खुशाल आत पाठवतो. एका गावात आम्ही असेच शिरलो, तीन महिन्यांनी दंड आला आणि तो कळवल्याबद्दल भाड्याच्या गाडीवाल्यांनी वेगळे पैसे कापले. हॉटेलला आधी मेल करून गाडीचा नंबर कळवता येतो का विचारा, बऱ्याच ठिकाणी ते नोंदवून देतात. आणि लावलेली गाडी जागेवर नसेल, रस्त्यावर तिकोनी स्टिकर चिकटवलेला असेल तर ती चोरीला गेली नाहीये, उचलून नेलीय.

प्रश्न : ताई, मी त्याच सहा जणांतली, मी शाकाहारी आहे आणि बाकीचे पाच म्हणतायत की तू ब्रेड खा. खरंच ब्रेडवर राहावं लागेल का?

उत्तर : नाही गं, त्या पाचांना सांग उन्हाळ्यातलं तिथलं सगळ्यात चांगलं खाणं तुझ्याच वाट्याला येणारे. गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं गार सूप, आहोब्लांको म्हणजे बदाम-लसणाचं गार सूप, सेव्हिलला पालक-छोले आणि तळलेल्या वांग्यावर घातलेली चक्क काकवी! तिला ते ऊसमध म्हणतात, नेरहाजवळच्या फ्रिखिलियाना गावात ती अजून बनते. कॉर्डोबाचं साल्मोरेहो गास्पाचोपेक्षा दाट, पण त्यावर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं असतं, ते नको म्हणून आधी सांगायचं. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, हॅम आणि ट्यूनाला पुष्कळ जण मांसात धरतच नाहीत, तेव्हा “सिन हामोन, सिन आतून” असं नाव घेऊन सांग. ग्रॅनडात ड्रिंकबरोबर छोटी डिश फुकट येते, ती काय द्यायची ते बारवाला ठरवतो, म्हणून ऑर्डर देतानाच बोल. तळणाचं तेल माशाबरोबर एकच असतं, ते चालत नसेल तर तळलेलं टाळ. दुपारी चारनंतर किचन बंद ते थेट साडेआठ-नऊला उघडतं, आणि रविवारी मोठी सुपरमार्केटं बहुतेक बंद, शनिवारीच फळं आणि दही घेऊन ठेव.

प्रश्न : ताई, गाडी माझ्या नावावर, क्रेडिट कार्ड माझं, डिपॉझिट माझं अडकणार, आणि दंड आला तर तोही माझ्याच नावावर. मित्र म्हणतात बघू नंतर. काय करू?

उत्तर : नंतर कोणी बघत नाही. निघायच्या आधी ठरवा : गाडीचं भाडं, पूर्ण इन्शुरन्स, पेट्रोल, टोल, पार्किंग हे सहा भाग, आणि दंड ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याचा. इन्शुरन्समध्ये कंजूषी नको, अरुंद गल्लीत ओरखडा पडणारच, आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढ, चाकांच्या रिमसकट. जे जे चालवणारेत त्या सगळ्यांची नावं करारात घाल, एक्स्ट्रा पैसे लागले तरी, नाव नसलेला चालवत असताना ठोकलं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. बीचच्या पार्किंगमध्ये सीटवर काहीही दिसता कामा नये, रिकामी पिशवीसुद्धा, काच फुटली तर पहिला फोन तुलाच करावा लागेल. या सगळ्याच्या बदल्यात पुढची सीट आणि गाणी लावायचा हक्क तुझा, निदान रोंडापर्यंत.