वाचक विचारतात : पाचशे वस्तीच्या गावच्या महापौर

प्रश्न : युनिटा ब्लॅकवेल या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला महापौर का? मुलीला शाळेत भाषण करायचे आहे. (एक पालक, डिचोली)

उत्तर : नाही. १९७६ साली मेयर्सव्हिलच्या महापौर झाल्या तेव्हा त्या मिसिसिपी राज्यातल्या पहिल्या ठरल्या. लेलिया फोली ओक्लाहोमातल्या टाफ्ट गावच्या महापौर झाल्या त्या १९७३ मध्येच. मोठ्या शहराचे म्हणाल, तर वॉशिंग्टनच्या शॅरन प्रॅट, १९९१. भाषणात ‘पहिल्या’ म्हटले की ‘कुठल्या’ तेही लगेच सांगावे.

प्रश्न : पाचशे वस्तीला महापौर कशाला? आमच्याकडे अशा गावाला सरपंच असतो. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : पैशासाठी. मेयर्सव्हिलची नगर म्हणून नोंदच नव्हती आणि नोंद नसलेल्या वस्तीला नळ, गटारे, रस्ते यांसाठी सरकारी अनुदान स्वतःच्या नावावर मागता येत नाही. मिसिसिपीत अशी नोंद चान्सरी कोर्ट या राज्याच्या दिवाणी न्यायालयाकडून होते. अर्जावर हद्दीतल्या दोन तृतीयांश मतदारांच्या सह्या लागतात, सोबत हद्दीचा नकाशा. सगळी गोम त्या ‘मतदार’ शब्दात आहे. १९६४ मध्ये कृष्णवर्णीय माणूस नाव नोंदवायला गेला की कारकून मिसिसिपीच्या राज्यघटनेतले एखादे कलम पुढे ठेवी आणि त्याचा अर्थ लिहायला सांगे. उत्तर बरोबर की चूक हे तोच ठरवी, म्हणून शिकलेला माणूसही नापास होई. ब्लॅकवेल नोंदणीला गेल्या आणि त्यांचे व नवऱ्याचे कापसाच्या शेतातले काम गेले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ती परीक्षा बंद पडली. त्यानंतरच सह्या करणारे मतदार तयार झाले, मग नगर, मग महापौर. पणजीत महापौराची निवड नगरसेवक करतात. मेयर्सव्हिलमध्ये ती मतदारच थेट करतात.

प्रश्न : ब्लॅकवेल यांचे शिक्षण किती? (तोच पालक)

उत्तर : आठवीपर्यंत. तरीही ग्रामीण कार्यकर्त्यांसाठीच्या शिष्यवृत्तीवर १९८३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची प्रादेशिक नियोजनातली पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली, तीही महापौरपदावर असताना. १९९२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, २००१ पर्यंत महापौरपद, २०१९ मध्ये निधन. भाषण तीन मिनिटांचे असेल तर पुरस्कार एका वाक्यात आटपावेत आणि उरलेला वेळ कारकुनाच्या त्या परीक्षेला द्यावा.