‘ताठ बसा’ म्हटल्याने पाठ ताठ राहत नाही

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून दिवसातले आठ-नऊ तास लॅपटॉपवर काम करतो. आजपासून ताठ बसायचे असे रोज सकाळी ठरवतो, परंतु दहा मिनिटांत खांदे पुढे येतात, पाठीला पोक येते आणि संध्याकाळपर्यंत मान अवघडून जाते. मोबाइलवर दर अर्ध्या तासाची घंटा लावून पाहिली. ती वाजली की ताठ होतो आणि पुन्हा वाकतो. हा माझा आळस आहे का? ही सवय या वयात सुटेल का?

उत्तर : सवय सुटेल, आणि तिचा आळसाशी फारसा संबंध नाही. ‘ताठ बसा’ ही आज्ञा मीही रुग्णांना अनेक वर्षे दिली. तिने कोणाची पाठ कायमची सुधारल्याचे मला आठवत नाही. जाणीवपूर्वक ताठ बसताना पाठीचे स्नायू सतत ताणून धरावे लागतात, आणि लक्ष कामात गुंतले की हा ताण आपोआप सुटतो. मग खुर्ची, टेबल आणि पडदा यांच्या मांडणीत जी ढब सर्वांत कमी श्रमाची असेल, ती शरीर घेते. त्यामुळे दुरुस्ती करायची ती आधी मांडणीत.

त्याआधी एक गोष्ट करून पाहावी. टणक खुर्चीवर बसून एका हाताचा तळवा वरच्या बाजूला करून एका कुल्ल्याखाली सरकवा. एक टोकदार हाड हाताला लागेल. आता मुद्दाम पोक काढा. ते टोक पुढे सरकते आणि शरीराचा भार मागे, माकडहाडाकडे जातो. पुन्हा हळूहळू त्या टोकावर आलात, की खांद्यांकडे लक्ष न देताही छाती किंचित वर येते आणि हनुवटी मागे जाते. बसलेल्या माणसाचे पोक बहुधा खालून, कमरेपासून सुरू होते, आणि म्हणूनच जो केवळ खांदे मागे ओढत राहतो त्याचे खांदे दुखतात, पोक मात्र जागच्या जागी राहते.

आता मांडणीकडे वळू. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत इतकी खुर्चीची उंची ठेवा. पाय अधांतरी राहत असतील तर खाली एखादा पाट घ्या. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवली, तर महागड्या खुर्चीचे बरेचसे काम तीच करते. लॅपटॉपची रचना मात्र मुळातच मानेच्या विरोधात आहे, कारण पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात उचलावे लागतात आणि हात टेकवले तर मान झुकवावी लागते. यावर उपाय एकच : चार-पाच जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, साधारण हातभर अंतरावर आणावी आणि टंकनासाठी वेगळा कीबोर्ड व माउस वापरावा. (चष्म्याच्या खालच्या भागातून वाचणाऱ्यांनी पडदा थोडा खाली ठेवावा, अन्यथा हनुवटी दिवसभर वर राहील.) माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. डोके खांद्यांच्या रेषेत असते तेव्हा ते मुख्यतः कण्यावर तोललेले असते; पुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावे लागते. भरलेली बादली अंगालगत धरणे आणि तीच हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे.

इतके करूनही तासभर निश्चल बसलात तर पाठ तक्रार करणारच. मणक्यांमधल्या चकत्यांना प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण लगतच्या हाडांतून झिरपत येते आणि हालचालीने त्याला मदत होते. दिवसभराच्या भाराने या चकत्यांतील पाणी कमी होऊन आपली उंची संध्याकाळपर्यंत सुमारे १ ते २ सेंटीमीटरने घटते आणि रात्रीच्या झोपेत ती भरून निघते. तेव्हा तुमची अर्ध्या तासाची घंटा चालू राहू द्या, मात्र ती वाजल्यावर ताठ होण्याऐवजी खुर्चीतून उठा. फोन उभ्याने घ्या, पाण्याची बाटली हाताशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवसातून दोन-तीन वेळा नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढावी, पाच सेकंद थांबून सोडावी आणि असे दहा वेळा करावे. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर मांडणीत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी सतत खांदे पाडून चालते. दिवसातून वीस वेळा सांगूनही फरक पडत नाही. तिला पाठ सरळ ठेवणारा पट्टा आणावा का?

उत्तर : पट्टा आणण्याची घाई करू नये. तो अंगावर असेपर्यंत खांदे मागे राहतात, पण ते काम पट्टा करतो, स्नायू नव्हे. प्रथम तिला जमिनीवर उताणे झोपवा. पाठ सहज सपाट टेकत असेल तर बाक बहुधा सवयीचा आहे. टेकत नसेल तर तो तपासून घ्यावा. नंतर पाय जोडून, गुडघे न वाकवता पुढे ओणवे व्हायला सांगून मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर कणा बाजूला वळत असण्याची शक्यता असते, आणि वाढीच्या वयात हे लवकर दाखवणे महत्त्वाचे असते.

दोन्ही ठीक असेल, तर तुमची वीस वेळांची सूचना थांबवावी, असे मी स्पष्टच सांगेन. या वयातल्या अनेक मुली वर्गात सर्वांत उंच दिसू नये किंवा शरीरातले बदल लपावेत म्हणून खांदे पाडतात, आणि चारचौघांत पाठीवर बोट ठेवले की त्या आणखी आक्रसतात. त्यापेक्षा पोहणे, वल्हवणे किंवा लोंबकळणे यांपैकी तिला जे आवडेल ते करू द्यावे. या सर्वांत खांद्यांच्या पाठीमागच्या स्नायूंना काम मिळते.

प्रश्न : पायावर पाय टाकून बसणे आणि पैशांचे पाकीट मागच्या खिशात ठेवणे खरोखर घातक आहे का?

उत्तर : पायावर पाय टाकून थोडा वेळ बसल्याने काही बिघडत नाही; पाय बदलत राहावे आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर फार वेळ दाब येऊ देऊ नये, कारण तेथील नस दबून पाऊल बधिर होते. पाकिटाबाबत मात्र कोणतीही सवलत देणार नाही. जाड पाकिटावर बसल्याने कटीचा भाग एका बाजूला कलतो आणि कुल्ल्यामागून पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब येऊ शकतो. ते बसण्यापूर्वी काढून ठेवावे.